घरी धुतलेल्या कृष्णधवल फिल्मवरचे डाग: कोणते घालवायचे, कोणते राहू द्यायचे?

सावलीचा_माग

कृष्णधवल फिल्म घरी धुणाऱ्या, म्हणजे डेव्हलप करणाऱ्या, हौशी मंडळींसाठी हा धागा काढतो आहे. निगेटिव्ह वाळून हातात आली की तिच्यावर काही ना काही सापडतंच. छिद्रांच्या ओळीत गडद पट्टे, आकाशात बारीक गोल ठिपके, सुकलेल्या पाण्याचे वळ, नखाएवढे अर्धचंद्र, नाहीतर एखाद्या फ्रेमच्या कडेवर चढलेला उजेड. नेटवर या सगळ्याला सरसकट 'फिल्मचं सौंदर्य' म्हणायची पद्धत पडली आहे. मला ते पटत नाही, पण सगळंच निर्मळ हवं हेही पटत नाही.

माझं मत असं: शटर उघडं असताना जे घडलं ते फोटोचं आहे. हात हलला, फोकस थोडा मागे गेला, सूर्य भिंगात शिरला, ते राहू द्यावं. नंतर टाकीत, दोरीवर किंवा स्कॅनरवर जे घडलं ते फोटोचं नाही, ते घालवायला शिकावं.

चर्चेसाठी ठोस उदाहरण घेऊ. एचपी-५ प्लस फिल्म, ३५ मिमी, आयडी-११ डेव्हलपर (चित्र उमटवणारं द्रावण) एकास एक पाणी घालून, २० अंशाला १३ मिनिटं, दोन रिळांची प्लॅस्टिकची टाकी. वर सांगितलेले सगळे डाग यात येऊ शकतात. कुठला डाग कशामुळे, आणि तुम्ही कुठला ठेवाल?

मेटॉल

आधी निदान, मग मत. डाग ओळखायचा पहिला प्रश्न एकच: अंतिम चित्रात तो काळा दिसतो की पांढरा?

चित्रात पांढरा म्हणजे तिथून प्रकाश कमी गेला. वाळलेल्या निगेटिव्हवर बसलेली धूळ, केस, चकचकीत बाजूवरचा चरा (तो प्रकाश विखुरतो) आणि कॅमेऱ्यात आलेला चोरटा उजेड, हे सगळे पांढरे. चित्रात काळा म्हणजे निगेटिव्हवर त्या जागी चित्र बनवणारी काळी चांदी तयारच झाली नाही किंवा खरवडली गेली. कॅमेऱ्यात असतानाच फिल्मवर बसलेला कण, डेव्हलपरमधला हवेचा बुडबुडा, इमल्शनच्या (चित्राचा थर असलेल्या) बाजूचा चरा, हे काळे. एवढं लक्षात ठेवलं तरी निम्मे घोळ मिटतात. नाहीतर आजार रेड्याला आणि औषध पखालीला अशी गत होते: बुडबुड्याच्या डागासाठी लोक स्कॅनरची काच पुसत बसतात.

आता तुमची यादी.

गोल ठिपके, कडा रेखीव, चित्रात काळे: बुडबुडे. डेव्हलपर ओतल्यावर टाकी ओट्यावर दोनतीनदा नीट आपटायची. प्रत्येक ढवळण्यानंतर पुन्हा एकदा.

छिद्रांच्या ओळीत, दोन्ही काठांवर, निगेटिव्हवर गडद पट्टे: ढवळणं फार जोरात आणि एकसुरी. छिद्रांतून द्रावण पिचकारीसारखं घुसतं आणि तेवढ्याच पट्ट्यात डेव्हलपिंग जास्त होतं. फिल्म बनवणाऱ्या इलफर्डची साधी रीत पाळा. पहिल्या १० सेकंदांत टाकी चारदा उलटी-सुलटी, मग दर मिनिटाच्या सुरुवातीला १० सेकंदांत चारदा. उलटी करताना थोडी फिरवा, म्हणजे द्रावण दर वेळी वेगळ्या वाटेनं जाईल. कॉकटेलसारखी हलवू नका.

अर्धचंद्र: फिल्म रिळावर चढवताना दुमडली. अंधाऱ्या पिशवीत हाताला घाम आला की फिल्म रिळात अडकते, जोर लावला जातो आणि मोड येतो. रीळ पूर्ण कोरडं हवं, फिल्मचं टोक दोन्ही कोपऱ्यांत किंचित गोल कापलेलं हवं. अडकली तर ढकलायचं नाही, मागे काढून पुन्हा सुरू करायचं.

आणखी एक दोष तुमच्या यादीत नाही. दोन रिळांच्या टाकीत एकच रोल धुताना फक्त ३०० मिलि द्रावण घालतात आणि वरची जागा रिकामी सोडतात. उलटसुलट करताना रीळ दांड्यावर वर सरकतं आणि फिल्मचा वरचा काठ कोरडा राहतो. मग सगळ्या रोलभर एक काठ फिका. वर रिकामं दुसरं रीळ घाला किंवा सरळ ६०० मिलि भरा.

वऱ्हाडी_उन्ह

२० अंश लिहिणं सोपं आहे हो! मे महिन्यात आमच्याकडे गच्चीवरच्या टाकीचं पाणी हात भाजेल असं येतं. त्याचं काय करायचं?

मेटॉल

@वऱ्हाडी_उन्ह, २० चा हट्ट सोडा, २४ धरा. सर्वसाधारण हिशोब असा की दर अंशाला वेळ साधारण एक-दशांशानं कमी होतो. २० ला १३ मिनिटं असेल तर २४ ला ९ च्या आसपास. मात्र वेळ ५ मिनिटांच्या खाली जाऊ देऊ नका, कारण मग ओतण्या-काढण्यातला फरकच डाग बनून दिसतो. उन्हाळ्यात म्हणूनच एकास तीन पातळ करणं सोयीचं. एचपी-५ ला २० अंशाला २० मिनिटं लागतात, २४ ला १४ च्या जवळपास, हाताशी भरपूर वेळ राहतो.

खरा शत्रू उष्णता नाही, उडी आहे. डेव्हलपर २४ ला आणि धुवायचं पाणी ३३ ला, हे नको. पूर्वीच्या फिल्मांवर अशा उडीनं जिलेटिनला सुरकुत्या पडून जाळी उमटायची. आताची इमल्शनं कडक असतात, सहज सुरकुतत नाहीत, पण चित्रातले चांदीचे कण मात्र खडबडीत दिसू शकतात. मोठ्या बादलीत पाणी घ्या, त्यात डेव्हलपर, स्टॉप (डेव्हलपिंग थांबवणारं द्रावण), फिक्सर (चित्र पक्कं करणारं द्रावण) आणि धुण्याच्या पाण्याच्या बाटल्या एकत्र उभ्या करा. बादलीत बर्फ थेट टाकण्याऐवजी गोठवलेली पाण्याची बाटली सोडा आणि २४ ला आली की उचलून घ्या.

वऱ्हाडी_उन्ह

धन्यवाद. इतर कोरड्या भागांतल्या मंडळींसाठी भर घालतो. धुण्याचं पाणी आदल्या रात्री माठात भरून ठेवावं. कोरड्या हवेत माठाचं पाणी झिरपून आणि वाफ होऊन बरंच उतरतं, मग बाटलीभर बर्फात काम भागतं. दमट किनाऱ्यावर ही युक्ती लागू पडत नाही, तिथं वाफच होत नाही. आणि काम पहाटे करावं.

मालवणचो_सुरेल

किनाऱ्यावरच्यांचं दुखणं निराळं. इथं फिल्म वाळता वाळत नाही, आणि जितका वेळ ओली तितकी धूळ जास्त चिकटते. काही गोष्टी पक्क्या करून टाका.

फिल्म न्हाणीघरातच वाळवा. आधी गरम पाण्याचा नळ पाच मिनिटं सोडून वाफ होऊ द्या. वाफ खाली बसताना हवेतली धूळ घेऊन बसते. मग नळ बंद, दार बंद, पंखा अजिबात नाही. वर चिमटा, खाली वजनाचा चिमटा, नाहीतर फिल्म गुंडाळी होऊन स्वतःलाच चिकटते. पावसाळ्यात रात्रभर टांगून ठेवायची तयारी ठेवा.

वळांबद्दल: वळ पडतात पाण्यातल्या क्षारांमुळे, बोअरवेलवर हमखास. सगळी धुलाई नळाच्या पाण्यानं चालेल, पण शेवटची आंघोळ डिस्टिल्ड पाण्याची. बॅटरीच्या दुकानात पाच लिटरचा कॅन मिळतो, तो चालतो. त्यात फोटो-फ्लो (पाणी थेंब न धरता निथळावं म्हणून घालायचं द्रव्य) एकास २००, म्हणजे ६०० मिलिला ३ मिलि. जास्त घातलं तर त्याचाच थर राहतो. सिरिंजनं मोजा, अंदाजपंचे नको. फिल्म रिळावरून काढून त्यात अर्धा मिनिट बुडवायची. रिळासकट बुडवली तर रिळाच्या खाचांत ते साचत जातं आणि पुढच्या रोलला फेस येतो.

रबरी चिमट्यानं किंवा बोटांनी पाणी निपटू नका. एक वाळूचा कण अडकला की पहिल्या फ्रेमपासून छत्तिसाव्यापर्यंत रेल्वेच्या रुळासारखा चरा. वळ पुन्हा धुता येतो, चरा धुता येत नाही.

निळाई

शॅम्पू चालतो का फोटो-फ्लोऐवजी?

मालवणचो_सुरेल

नको. त्यात सुगंध, तेल, कंडिशनर असतं. ते फिल्मवर राहतं.

रंगभान

धागालेखकाच्या मूळ रेषेशी मी असहमत आहे. 'शटर उघडं असताना घडलं ते फोटोचं' ही रेष दिसायला सरळ आहे, पण फोटोग्राफीच्या इतिहासात ती टिकत नाही.

ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन घ्या. १८१५ साली कलकत्त्यात जन्म, कॅमेरा हाती आला १८६३ च्या अखेरीस, वयाच्या ४८ व्या वर्षी. ओल्या कलोडियनच्या काचा. त्या पद्धतीत काचेवर द्रावण ओतायचं, चांदीच्या द्रावणात बुडवायचं, ओली असतानाच छायाचित्र घ्यायचं आणि ओली असतानाच धुवायचं. तिच्या काचांवर ओघळ आहेत, बोटांचे ठसे आहेत, भेगा आहेत. म्हणजे तुमच्या भाषेत टाकीतले दोष. त्या काळच्या फोटोग्राफीच्या नियतकालिकांनी तिला गबाळी म्हटलं. तिनं त्या काचा फेकल्या नाहीत, त्यांवरून प्रती काढल्या. आज त्या चेहऱ्यांकडे बघताना ओघळ वेगळा काढता येत नाही.

त्याच्याच उलट टोकाला लिनियस ट्राइप. मद्रास सैन्यातला अधिकारी, १८५० च्या दशकात ब्रह्मदेश आणि दक्षिण भारतात मेण लावलेल्या कागदी निगेटिव्हवर काम करत होता. त्या काळची रसायनं निळ्या प्रकाशालाच जास्त बळी पडायची, त्यामुळे आकाश कोरं पांढरं व्हायचं. ट्राइपनं निगेटिव्हवर रंग लावून ढग काढले, झाडांची पानं सुधारली. शटर उघडं असताना ढग नव्हताच! तुमच्या नियमानं ट्राइपचं निम्मं काम बाद. मला ते बाद करायचं नाही.

सावलीचा_माग

@रंगभान, ट्राइपचा मुद्दा मला अडवतो, मान्य. पण कॅमेरॉनबद्दल एक फरक दिसतो. तिच्याकडे काच पुन्हा करायची सोय होती. माणूस समोर बसलेला, काचा आणि रसायन बाजूच्या खोलीत. तरी तिनं तीच काच निवडली. निवड झाली, म्हणून दोष तिचा झाला. बुडबुडा का पडला हे ठाऊक नसताना 'असू दे, छान दिसतं' म्हणणं, ही निवड नाही.

रंगभान

हे मात्र पटलं. 'कारण ठाऊक असलं पाहिजे' ही अट मी घ्यायला तयार आहे.

अंधारखोली

कापाचं उदाहरण कुणीतरी देणारच, म्हणून मीच देतो. ६ जून १९४४, नॉर्मंडीचा किनारा, युद्धछायाचित्रकार रॉबर्ट कापाचे सैन्य किनाऱ्यावर उतरतानाचे ते हललेले, धूसर फोटो. 'लाइफ' साप्ताहिकाच्या १९ जूनच्या अंकात आले. वाळवणीच्या कपाटात उष्णता जास्त झाली, इमल्शन वितळलं आणि मोजक्याच फ्रेमा वाचल्या, असं वर्षानुवर्षं सांगितलं गेलं. गेल्या दहा-बारा वर्षांत या गोष्टीवर अभ्यासकांनी सबळ शंका घेतल्या आहेत, आणि त्यांतली एक तांत्रिक आहे: त्या काळची फिल्म अशा कपाटाच्या उष्णतेनं वितळून ओघळेल का? म्हणून डागाला गोष्ट चिकटवायच्या आधी रसायन तपासावं. त्या फोटोंतला थरकाप हललेल्या कॅमेऱ्यातून आलेला आहे आणि तो धागालेखकाच्या नियमात अगदी नीट बसतो.

आता माझा मुख्य मुद्दा. इथं सगळे दिसणाऱ्या डागांवर बोलताहेत. खरा धोका न दिसणाऱ्या दोषाचा आहे: अर्धवट फिक्सिंग आणि अर्धवट धुलाई. निगेटिव्ह आज सुंदर दिसेल, काही वर्षांनी पिवळी-तपकिरी पडेल. ठेवायचा की घालवायचा हा प्रश्नच इथं येत नाही, कारण पुढे ठेवायला काही उरत नाही.

दर वेळी ही चाचणी करा, दोन मिनिटांची आहे. रोलचं कापलेलं टोक उजेडातच फिक्सरमध्ये टाका. दुधी रंग जाऊन ते पारदर्शक व्हायला किती सेकंद लागले ते मोजा. त्याच्या दुप्पट वेळ फिक्स करा, टी-मॅक्स किंवा डेल्टासारख्या चपट्या कणांच्या फिल्मला तिप्पट. ताज्या द्रावणाचा आकडा बाटलीवर लिहून ठेवा. तो दुप्पट झाला की फिक्सर संपला, कितीही स्वच्छ दिसो.

फिल्म बाहेर काढल्यावर दुधी ढग दिसले तर घाबरू नका. ताज्या फिक्सरमध्ये परत घाला, डेव्हलप झालेल्या फिल्मला आता उजेडाचं भय नाही. जांभळट-गुलाबी छटा ही वेगळी गोष्ट. ती फिल्ममधल्या रंगद्रव्याची असते, पुरेशा फिक्सिंगनं आणि धुण्यानं उतरते.

धुण्यासाठी वाहता नळ नको. टँकरच्या दिवसांत तर मुळीच नको. इलफर्डची रीत: टाकी भरा, पाचदा उलटसुलट, ओता. भरा, दहादा, ओता. भरा, वीसदा, ओता. ६०० मिलिच्या टाकीला जेमतेम दोन लिटर पाणी लागतं. अट एकच, फिक्सरमध्ये तुरटी किंवा दुसरं काही कडक करणारं द्रव्य नको. ते असेल तर जुन्या पद्धतीनं वीस ते तीस मिनिटं धुवावं लागतं.

निळाई

सुट्टी रसायनं आणून डेव्हलपर घरी बनवला तर दोष वाढतात का?

मेटॉल

नाही, उलट कारणं समजतात. डी-७६ या डेव्हलपरचं सूत्र जगजाहीर आहे. एक लिटरसाठी मेटॉल २ ग्रॅम, निर्जल सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम, बोरॅक्स २ ग्रॅम. ७५० मिलि पाणी ५० अंशाच्या आसपास, त्यात याच क्रमानं विरघळवायचं आणि शेवटी लिटरभर करायचं. खुबी एकच: मेटॉलच्या आधी सल्फाइटची चिमूटभरच घालायची. चिमूट घातली की मेटॉल हवेनं तपकिरी पडत नाही, पण सगळं सल्फाइट आधी घातलं तर मेटॉल विरघळतच नाही.

गोंधळ होतो दुकानात. सोडियम सल्फाइट हवं असतं आणि सोडियम सल्फेट मिळतं. एका अक्षराचा फरक आहे, पण सल्फेट डेव्हलपरला हवेपासून वाचवत नाही. द्रावण लवकर तपकिरी होतं आणि फिल्म फिकी येते. तसंच बोरॅक्स म्हणजे टाकणखार, बोरिक पावडर नव्हे. आणि हायपो म्हणजे सोडियम थायोसल्फेट. कपडे पांढरे करायचं हायपोक्लोराइट हायपो म्हणून घालाल तर चित्रच जाईल. लेबल वाचून, कागदावर लिहून, मग पैसे द्या.

नवशिक्यांनी डी-२३ करावा. मेटॉल साडेसात ग्रॅम, सल्फाइट १०० ग्रॅम, लिटरभर पाणी. दोनच वस्तू, चुकायला जागा कमी. डी-७६ ठेवून दिला की हळूहळू त्याची क्षारता चढते आणि फिल्म जास्त दाट येऊ लागते. डी-२३ त्या मानानं शांत.

टीपकागद

मेटॉल यांना +१. सल्फाइट-सल्फेटबद्दल एक विरोधाभासी गंमत: जुन्या उष्ण हवेच्या सूत्रांमध्ये डेव्हलपरला मुद्दाम सोडियम सल्फेटही घालत, लिटरला ५० ग्रॅमपासून पुढे. जिलेटिन फुगू नये म्हणून. पण ते सल्फाइटच्या जागी नाही, सल्फाइट असून वर.

चहाबाज

कॉफीतही फिल्म धुता येते म्हणे. चहात का नाही?

टीपकागद

@चहाबाज, चहातही होते. पाना-फुलांतली अनेक फिनॉली द्रव्यं डेव्हलपरचं काम करतात. पण कॉफीचं प्रमाण लोकांनी घासून-पुसून पक्कं केलं आहे, म्हणून तिथून सुरुवात करा. एक लिटरला निर्जल धुण्याचा सोडा ५४ ग्रॅम, क जीवनसत्त्वाची पूड १६ ग्रॅम, इन्स्टंट कॉफी ४० ग्रॅम. २० अंशाला १५ मिनिटं. क्रम: आधी सोडा पूर्ण विरघळू द्या, मग क जीवनसत्त्व (फसफसेल), शेवटी कॉफी. फेस बसेपर्यंत थांबा, नाहीतर बुडबुड्यांचे डाग ठरलेले.

दोन सावधगिऱ्या. खाण्याचा सोडा चालत नाही, त्याची क्षारता पुरत नाही. आणि धुण्याचा सोडा खड्यांचा, पाणी धरलेला असेल तर ५४ ग्रॅमच्या जागी सुमारे १४६ ग्रॅम लागतो, कारण त्यातलं निम्म्याहून जास्त वजन पाण्याचंच असतं. हा हिशोब न केल्यामुळेच 'कॉफीनं फोटो फिके येतात' असा समज झाला आहे. कॉफी चिकोरीविना घ्या. धुतल्यावर निगेटिव्हवर तपकिरी झाक येते, ती दोष धरू नका.

चहाबाज

क्रमासकट सांगितलंत, आता करूनच बघतो. घरच्यांना वास आवडेल अशी आशा.

टीपकागद

वास मुळीच चांगला नसतो, खिडकी उघडी ठेवा :)

खिडकीतला_उजेड

चोरट्या उजेडाबद्दल कुणी सविस्तर लिहिलं नाही, म्हणून लिहितो. धुकं फ्रेमच्या चौकटीत संपतं की छिद्रांवरून फिल्मच्या काठापर्यंत जातं, हे आधी पाहा. चौकटीत थांबत असेल तर उजेड पुढून आलाय: शटरचा पडदा, भिंगाचा जोड किंवा घडीच्या कॅमेऱ्याच्या भात्यातलं भोक. काठापर्यंत जात असेल तर मागचं दार किंवा डबी.

मागच्या दाराचं कारण बहुतेक वेळा एकच. १९७०-८० च्या कॅमेऱ्यांत खाचांमध्ये फोमच्या पट्ट्या असत आणि आता त्यांचा चिकट काळा डिंक झालेला असतो. टूथपिकला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून सगळा खरवडा. कॅमेरा उलटा धरा, म्हणजे चुरा पडद्यावर पडणार नाही. खाचेत काळा लोकरीचा धागा बसवला तरी भागतं, बिजागरीपाशी मात्र दीड-दोन मिलिमीटरचा फोमच हवा. एसएलआर (आत आरसा असलेला कॅमेरा) असेल तर आरशाच्या वरची पट्टीही बदला. तिचा चुरा खाली फोकसच्या काचेवर पडतो.

शंका असेल तर चाचणी: कोरा रोल भरा, झाकण लावलेल्या भिंगानं कॅमेरा उन्हात दहा मिनिटं ठेवा, दार वर, मग बाजू, मग तळ, दर वेळी फ्रेम पुढे सरकवून. कुठल्या फ्रेमवर धुकं आलं त्यावरून भोक सापडतं.

धागालेखक म्हणतात शटर उघडं असताना घडलं ते ठेवा. हा उजेड तर शटर बंद असताना आला. मग तो कुठे बसवायचा?

सावलीचा_माग

मी तो घालवण्याच्या यादीत धरतो. पुढच्या रोलवर तो पुन्हा तिथेच येणार, मग समोर देऊळ असो की माणूस. समोरच्या गोष्टीशी त्याचं नातं नाही.

मालवणचो_सुरेल

त्याच न्यायानं क्लिक-३ च्या मऊ कडा पण दर फ्रेमवर तशाच येतात हो. भारतात बनलेला तो डबा, १२० च्या रोलवर चौकोनी बारा फोटो, साधं एकभिंगी. मधला चेहरा नीट आणि कोपरे विरघळलेले. त्याही घालवायच्या?

खिडकीतला_उजेड

भिंगाचा स्वभाव आणि कॅमेऱ्याचं भोक यांत फरक करूया. स्वभाव ओळखून चौकट लावता येते. चेहरा मध्यावर घ्या, कोपऱ्यात महत्त्वाचं ठेवू नका. भोक रोजच्या उन्हागणिक वेगळं वागतं, त्याला धरून काही लावता येत नाही.

निळाई

हे फार उपयोगी पडलं. आता स्कॅनरचं सांगा. धूळ घालवायचं बटण कृष्णधवलवर चित्रच बिघडवतं, असं का?

अंधारखोली

ते बटण इन्फ्रारेडवर चालतं. रंगीत फिल्ममधली रंगद्रव्यं इन्फ्रारेडला पारदर्शक असतात, म्हणून धूळ तेवढी वेगळी दिसते. कृष्णधवल फिल्मवरची चांदी इन्फ्रारेडही अडवते. स्कॅनरला सगळं चित्रच धूळ वाटतं आणि तो ते पुसायला जातो. बटण बंद ठेवा. अपवाद एक्सपी-२ सारख्या रंगीत पद्धतीनं धुतल्या जाणाऱ्या कृष्णधवल फिल्मचा, तिच्यात चांदी उरत नाही.

म्हणून धूळ आधीच टाळावी लागते. हाताचा फुगा, मऊ ब्रश, आणि वाळल्याबरोबर सहा-सहा फ्रेमांच्या पट्ट्या करून पाकिटात. उघड्या टेबलावर एक तासही नको. स्कॅननंतर उरलेले धुळीचे कण शंभर टक्के मोठं करून हातानं टिपा. सरसकट धूसर करणारा फिल्टर लावला तर धुळीबरोबर फिल्मचे स्वतःचे कणही जातात आणि त्वचा मेणासारखी दिसते.

रंगभान

प्रिंट काढणाऱ्यांसाठी: पांढरे ठिपके तीन शून्यांच्या ब्रशनं भरा. रंग पातळ, ब्रश जवळजवळ कोरडा, एका ठिपक्यावर चार-पाच फेऱ्या. एका फेरीत गडद भरलात तर काढता येत नाही. फायबर कागद हे सोसतो, प्लॅस्टिक थराचा कागद कमी. काळे ठिपके प्रिंटवर काढणं अवघड, म्हणून ते टाकीतच टाळा. आणि चकचकीत बाजूच्या बारीक चऱ्याला जुन्या कारागिरांचा इलाज: नाकाच्या कडेचं तेल बोटानं हलकंसं त्या चऱ्यावर. तेल चरा भरतं, प्रकाश विखुरत नाही, चरा प्रिंटवर जवळजवळ दिसेनासा होतो. प्रिंट झाल्यावर अल्कोहोलनं पुसून टाका. इमल्शनच्या बाजूला हे करू नका.

वऱ्हाडी_उन्ह

मूळ प्रश्नाकडे परत येतो, कारण त्याचं उत्तर एवढ्या चर्चेत विखुरलंय. मला वाटतं निगेटिव्ह आणि चित्र यांचे नियमच वेगळे ठेवावेत. निगेटिव्हवर हयगय नको: पूर्ण फिक्स, पूर्ण धुलाई, चरा नाही. तिथं डाग 'ठेवायचा' अधिकार मी घेणार नाही, कारण उद्या दुसऱ्या कुणाला त्याच निगेटिव्हची स्वच्छ प्रत हवी असेल. चित्रात मात्र फोटो बघून ठरवावं. हललेला हात, फिल्मचे कण, सूर्याचा भडका राहू द्या. ट्राइपसारखं ढग काढायचे असतील तर काढा, पण स्कॅनच्या प्रतीवर.

सावलीचा_माग

@वऱ्हाडी_उन्ह, हे मला माझ्या रेषेपेक्षा बरं वाटतं. शटरवरून वाटणी करण्यापेक्षा निगेटिव्ह आणि चित्र अशी वाटणी केली की ट्राइपही बसतो आणि क्लिक-३ ही. कॅमेरॉनचे ओघळ मात्र निगेटिव्हवरच आहेत, आणि ते तिनं डोळे उघडे ठेवून ठेवले. ती जागा मी मोकळीच सोडतो.

एक दोष राहिला. रोलची पहिली फ्रेम, अर्धी पांढरी जळालेली आणि अर्ध्यात चित्र. रोल भरताना उजेडात आलेला भाग आणि पहिला फोटो यांची सरहद्द. ही मी नेहमी ठेवतो. कुणाला नको असेल तर दार लावल्यावर दोन-तीन फ्रेम रिकाम्या सरकवाव्यात, आकडा एकवर येईपर्यंत.

मेटॉल

आणि सरकवताना रोल गुंडाळायच्या खुंटीकडे बघा. ती फिरत नसेल तर फिल्म पुढच्या रिळात अडकलेलीच नाही. मग छत्तीस फोटो काढून झाल्यावर सगळा रोल कोरा निघतो आणि या धाग्यातलं काहीच उपयोगी पडत नाही.

निळाई

खुंटी फिरते आहे. उद्या पहाटे धुते. एचपी-५, डी-२३, २४ अंश. कापलेल्या टोकाची चाचणी करून आकडा इथे टाकते.

अंधारखोली

जरूर टाका. फिक्सर कुठला आणि किती जुना तेही लिहा, नुसत्या सेकंदांवरून काही सांगता येणार नाही.